मुलाला पहिला फोन देताना: आधी खरं जन्मसाल

धाकटा यंदा सातवीत गेला. क्लास लांब आहे, घरी यायला सात वाजतात, म्हणून त्याला फोन द्यायचं ठरलं. थोरलीच्या वेळी, जून २०२० मध्ये, मी हे सगळं एका रात्रीत उरकलं होतं. सकाळी दहाला ऑनलाइन शाळा सुरू व्हायची होती, शाळेला जीमेलचा पत्ता हवा होता आणि अर्ज तिचं २००९ हे साल घेईना. मी मागे जाऊन २००९ चं १९९९ केलं. खातं लगेच निघालं. अकरा वर्षांची मुलगी तिथे एकवीस वर्षांची झाली आणि पुढचं दीड वर्ष फोनने तिला एकवीसचीच मानलं. या वेळी तसं व्हायला नको म्हणून सगळं लिहून काढते आहे. तुमच्याकडेही फोन द्यायचा विचार चालू असेल तर वाचा.

फोन नवा घ्या नाहीतर बाबांचा जुना द्या, काही फरक पडत नाही. जुना असेल तर तुमचं खातं त्यातून काढून फोन पूर्ण कोरा करा. नुसती ॲप्स काढून भागत नाही. फोटो राहतात, ब्राउझरमधले पासवर्ड राहतात. सिम पालकाच्या नावावर घ्या, पण बँकेला जोडलेला नंबर मुलाच्या फोनात टाकू नका, नाहीतर तुमचे ओटीपी त्याच्या हातात. कव्हर, काच वगैरे तुम्हाला कळतं.

आता खातं. दुकानात ‘ताई, सगळं सेट करून देतो’ म्हणतील. नको म्हणा. तिथे घाईत हाताला येईल ते साल टाकलं जातं आणि पासवर्ड दुकानातल्या माणसाला माहीत होतो. खातं घरी काढा, मुलाला शेजारी बसवून, तासभर दुसरं काही काम न ठेवता. भारतात स्वतःचं स्वतंत्र गूगल खातं तेरा वर्षं पूर्ण झाल्यावरच काढता येतं. त्याआधी ‘मुलासाठी’ हा पर्याय निवडून आईच्या किंवा वडिलांच्या खात्याला जोडून काढायचं असतं. त्यासाठीच फॅमिली लिंक हे ॲप आहे. २०२० मध्ये ते होतं. मी शोधलंच नाही. अर्जाने जन्मतारीख अडवली की तो रस्ता बंद नसतो, तो पालकाला बोलवत असतो, हे मला तेव्हा समजलं नाही.

जन्मसाल खरं टाका. यादीतलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. कुठल्या जाहिराती दाखवायच्या, कोणते व्हिडिओ दाखवायचे, अनोळखी माणसाला मेसेज करू द्यायचा की नाही, हे सगळं त्या एका आकड्यावरून ठरतं. मी १९९९ टाकल्यावर मुलीच्या फोनवर कर्जाच्या आणि पैसे लावून खेळायच्या खेळांच्या जाहिराती यायला लागल्या. मला वाटलं, सगळ्यांनाच येतात. मग तिने बाराव्या वर्षी मला न विचारता इन्स्टाग्राम उघडलं आणि तिथेही १९९९ टाकलं. विचारलं तर म्हणाली, ‘आई, तूच तर ते साल टाकलं होतंस.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑनलाइन जगात खोटं चालतं, हे तिने बाहेर कुठे नाही, माझ्याकडून शिकलं होतं.

तिचं ते खातं सगळ्या जगाला उघडं होतं. एक मोठा माणूस तीन आठवडे तिच्याशी गोड बोलत राहिला, मग शाळेचं नाव विचारलं, मग युनिफॉर्ममधला फोटो मागितला. फोटो तिने दिला नाही. रात्री अकराला माझ्या उशाशी येऊन बसली आणि सांगितलं. २०२१ ची गोष्ट. त्याच वर्षी इन्स्टाग्रामने अठरा वर्षांखालच्या मुलांना अनोळखी मोठ्या माणसांचे मेसेज अडवायला सुरुवात केली होती. माझ्या मुलीला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण इन्स्टाग्रामच्या हिशेबी ती बावीस वर्षांची होती. खरं साल टाकलं असतं तर ते खातं उघडलंच नसतं. तिथेही किमान वय तेराच आहे.

नंतर दुरुस्ती करू, असं कोणी म्हणत असेल तर ऐका. मी गूगल खात्यात साल बदलून २००९ केलं तेव्हा पालकाची देखरेख जोडा, नाहीतर खातं बंद होईल, अशी सूचना आली. वर्षभराचा शाळेचा अभ्यास त्यात होता. सगळ्या फाइली उतरवून घेण्यात माझे दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी खरं साल टाकायला दहा सेकंद लागली असती.

हे फक्त गूगलचं नाही. प्रत्येक नवीन ॲप आणि प्रत्येक खेळ उघडताना पुन्हा वय विचारतो आणि तेव्हा तुम्ही शेजारी नसता. रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळात कोणाशी गप्पा मारता येतील हेसुद्धा वयावर ठरतं. म्हणून मुलाला कारण समजावून सांगा. नुसतं ‘खोटं बोलू नये’ पुरत नाही. ‘तू वय वाढवून सांगितलंस तर तुझ्यासाठी लावलेली कडी तूच काढतोस’ हे बारा वर्षांच्या मुलाला नीट कळतं. आणि सुट्टीत आलेला मावसभाऊ ‘थांब, मी साल बदलून देतो’ म्हणतो, तेव्हा काय उत्तर द्यायचं तेही आधीच बोलून ठेवा. आमच्याकडे तो मावसभाऊ आहे. त्याच्या आईशीही मी बोलून घेतलंय.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरला आहे. त्याची माहिती वापरायला पालकाची संमती लागते आणि मुलांवर नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. पण आपणच मुलाला सव्वीस वर्षांचं करून ठेवलं तर कोणता कायदा त्याला बालक म्हणून ओळखणार?

खातं झालं की फॅमिली लिंकमध्ये तीन गोष्टी करा. नवीन ॲप, फुकटचं असलं तरी, तुमच्या मंजुरीशिवाय उतरायला नको. रात्रीची वेळ ठरवा, आमची साडेनऊ. रोजची मर्यादा मुलाशी बोलून ठरवा, कारण लादलेली मर्यादा मोडायचे मार्ग मुलं आठवड्यात शोधतात. लोकेशन चालू ठेवलंत तर तसं त्याला सांगून ठेवा. चोरून नजर ठेवलीत आणि ते उघडं पडलं तर पुढे तो काहीच सांगणार नाही. यूट्यूबला देखरेखीच्या खात्यात तीन पातळ्या असतात. सर्वांत खालची नऊ वर्षांपुढच्यांसाठी आहे. तिथून सुरू करा, हळूहळू वर जा.

व्हॉट्सॲपचं स्वतंत्र खातं काढायचं किमान वयही तेरा आहे. म्हणून धाकट्याच्या फोनात ते अजून नाही. क्लासवाल्यांना सांगितलं, सूचना माझ्या नंबरवर पाठवा. ‘सगळ्या मुलांकडे आहे’ असं उत्तर आलं. असू दे. ज्यांची मुलं तेराच्या पुढे आहेत त्यांनी ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं तिथे फक्त ‘माझे संपर्क’ ठेवा, प्रोफाइल फोटोही तेवढ्यांनाच दिसू द्या आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावा. इन्स्टाग्राम द्यायचंच असेल तर तेरानंतर, आणि पुन्हा सांगते, खऱ्या सालाने. फेब्रुवारी २०२५ पासून भारतात किशोरवयीन मुलांची खाती मुळातच खासगी असतात, ज्यांना मूल फॉलो करत नाही त्यांचे मेसेज येत नाहीत, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद असतात आणि सोळाखालच्यांना यातली कुठलीही गोष्ट सैल करायची तर पालकाची परवानगी लागते. साल खोटं असेल तर यातलं काहीही मिळत नाही. काहीही.

वर्गाचा ग्रुप हा वेगळा विषय आहे. तिथे अनोळखी कोणी नसतं, तरी मुलं एकमेकांना फार दुखावतात. वर्गातल्या मुलीच्या किंवा सरांच्या फोटोचं स्टिकर करायचं नाही. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. ग्रुप एखाद्याच्या मागे लागला असेल तर गप्प बसायचं नाही. निदान त्या मुलाला वेगळा मेसेज करून ‘तू ठीक आहेस ना’ विचारायचं. थोरली हे आता स्वतःहून करते. हे शिकवण्याआधी मला सोसायटीच्या ग्रुपवर मुलांचे फोटो त्यांना न विचारता टाकणं बंद करावं लागलं. तुम्हालाही करावं लागेल. स्वतःचे फोटो टाकताना युनिफॉर्म, ओळखपत्र, बिल्डिंगचं नाव, स्कूलव्हॅनचा नंबर यातलं काही दिसतंय का, ते मुलाला फोटोत बोट ठेवून दाखवा.

पैसे: यूपीआय नाही, कार्ड जोडायचं नाही, खेळात काही विकत घ्यायचं तर आम्हाला विचारून. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने देशभर बंदी आहे, हे सांगून ठेवा.

काही बिघडलं तर काय, हे मुलाला आधीच माहीत हवं. आईकडे यायचं; आई फोन काढून घेणार नाही. हे कबूल केलंत तर पाळा. थोरली त्या रात्री आली म्हणून आम्ही वाचलो. चॅट पुसायचं नाही, आधी स्क्रीनशॉट घ्यायचे, मग ब्लॉक. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. मुलांशी संबंधित तक्रार केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देताही करता येते. मुलांसाठी मदतीचा नंबर १०९८. अठराखालच्या मुलाचा नग्न फोटो कुठे टाकला गेला असेल किंवा टाकायची धमकी असेल तर ‘टेक इट डाउन’ ही फुकट सेवा आहे. फोटो त्यांना पाठवावा लागत नाही, त्याचा सांकेतिक ठसा आपल्याच फोनवर तयार होऊन तेवढाच जातो. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका. हे नंबर आमच्या फ्रिजवर लावलेत.

बाकी किरकोळ. चार्जिंग हॉलमध्ये, झोपायच्या खोलीत नाही. जेवताना कोणाचाच फोन नाही, बाबांचाही नाही. पासवर्ड मित्राला नाही. महिन्यातून एकदा फोनातली ॲप्स दोघांनी मिळून बघायची आणि प्रत्येक ॲपमध्ये साल काय टाकलंय तेही बघायचं.

रविवारी सकाळी बसणार आहोत. धाकट्याचा जन्मदाखला कपाटातून काढून टेबलावर ठेवलाय.