क्लास न लावता, कमीत कमी खर्चात कोरियन कसं शिकायचं

बरेच जण विचारतात की कोरियन शिकायचंय पण क्लासची फी बघून पोटात गोळा येतो, मग काय करायचं. तर पहिल्या काही महिन्यांसाठी पैसे खर्च करायची गरजच नाहीये. फुकट मटेरियल इतकं आहे की खरा प्रॉब्लेम ते मिळण्याचा नाही तर निवडण्याचा आहे. लोक एका दिवसात पाच अ‍ॅप टाकतात, तीन चॅनल सबस्क्राईब करतात, सगळीकडे धडा पहिला करतात आणि मग कंटाळून सोडतात.

सुरुवात लिपीपासून करा, हांगुल. राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये ही तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर केली, साध्या माणसालाही लिहिता वाचता यावं एवढ्याचसाठी, त्यामुळे ती मुळातच सोपी आहे. मूळ अक्षरं २४, त्यात १४ व्यंजनं आणि १० स्वर, बाकीची यांच्याच जोड्या. अक्षरं एका चौकटीत रचतात, म्हणजे "हान" लिहायचं तर ह डावीकडे, आ उजवीकडे आणि न त्यांच्या खाली. आपल्याला जोडाक्षरांची सवय असते त्यामुळे यात घाबरण्यासारखं काही नाही, यूट्यूबवरचा कुठलाही एक बरा व्हिडिओ आणि एक वही घेऊन बसलात तर आठवड्याभरात जमतं. लिपीसाठी कुणी पैसे मागत असेल तर सरळ पुढे जा.

फक्त एक करा, इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार शिकू नका, सोलच्या स्पेलिंगमध्ये ते ई-ओ बघून लोक सेऊल, सिओल काय वाटेल ते म्हणतात. मी इथे देवनागरीत लिहितेय ते पण फक्त समजावण्यापुरतं, तुम्ही वहीत हांगुलच लिहा. आणि लिहिलंय तसंच वाचायचं असंही नसतं बरं का, "हाप-नी-दा" असं लिहिलेलं असतं पण बोलताना "हाम्निदा" होतं, कारण पुढच्या न मुळे प चा म होतो. असले बदल ऐकूनच कानात बसतात म्हणून पहिल्या दिवसापासून ऑडिओ पाहिजेच. क आणि ख मधला फरक आपल्या कानाला आधीच कळतो हा मोठा फायदा आहे, पण कोरियनमध्ये तिसरा एक घट्ट, दाबून म्हटलेला क पण आहे, त्याला वेळ लागतो.

आता मेन कोर्स, आणि तो एकच निवडा. किंग सेजोंग इन्स्टिट्यूट ही कोरियन सरकारच्या पाठिंब्याने चालणारी संस्था आहे, त्यांचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, अकाउंट उघडलं की झालं. ज्यांना वाचून, नीट कारण समजून शिकायला आवडतं त्यांच्यासाठी हाऊ टू स्टडी कोरियन नावाची साइट आहे, धडे फुकट आणि व्याकरण इतकं खोलात की कधीकधी डोकं धरून बसाल. ऐकत शिकणाऱ्यांना टॉक टू मी इन कोरियन जमेल, तिथे काही फुकट आहे आणि काही पैसे भरून. माझं मत विचाराल तर सेजोंगचा कोर्स पकडा आणि अडलं तिथे दुसरी साइट उघडून तेवढाच मुद्दा वाचा. ड्युओलिंगो सवय लागायला ठीक, पण त्याच्या भरवशावर व्याकरण येत नाही.

व्याकरणात मराठी लोकांची चैन आहे खरं तर. "मी शाळेत जाते" हे कोरियनमध्ये "चोनन हाक्क्योए गायो", चो म्हणजे मी आणि नन हा त्याला लागलेला प्रत्यय, हाक्क्यो म्हणजे शाळा आणि तिला लागलेला ए म्हणजे आपला त, क्रियापद शेवटी. वर जातो-जाते असं काही नाही, मुलगा म्हणो की मुलगी, गायोच. डोकं खातात ते आकडे, कारण दोन सेट आहेत आणि वेळ सांगताना दोन्ही वापरावे लागतात, तास एका सेटमधून आणि मिनिटं दुसऱ्या सेटमधून, म्हणून साडेतीनला "से शी साम्शिप्पुन". यावर उपाय नाही, दिवसभर घड्याळ बघून मोठ्याने म्हणत राहायचं.

शब्दांसाठी आन्की वापरा, म्हणजे कार्डं बनवून शब्दांची उजळणी करायचं अ‍ॅप. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनचं अ‍ॅप विकत आहे पण ब्राउझरमधून फुकटात चालतं. दुसऱ्याचा हजारो शब्दांचा डेक, म्हणजे तयार कार्डांचा गठ्ठा, उतरवून घेण्यापेक्षा स्वतःची कार्डं बनवा, आणि नुसता शब्द नको, नेव्हर (Naver) या ऑनलाइन डिक्शनरीतून छोटं उदाहरण वाक्य उचला, ते पुढे आणि अर्थ मागे. डिक्शनरी फुकट आहे, शब्दाचा उच्चारही ऐकवते.

ड्रामा बघून येतं का? नुसतं बघून नाही येत. दोन-तीन मिनिटांचा तुकडा घ्या, कोरियन सबटायटल लावा, थांबवत थांबवत बरोबर बोला. आणि जपून, कारण ड्रामातली मित्रमंडळी एकमेकांशी अरे-तुरेत बोलतात, तेच तुम्ही अनोळखी मोठ्या माणसाशी बोललात तर उद्धट वाटेल, म्हणून सुरुवातीला ज्यांच्या शेवटी "यो" येतं ती आदराची रूपंच पक्की करा.

टोपिक, म्हणजे कोरियन किती येतं ते तपासणारी परीक्षा, द्यायची नसली तरी त्यांच्या साइटवरचे जुने पेपर उतरवून घ्या, ऑडिओसकट फुकट मिळतात. टोपिक एकमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या पातळीच्या पेपरात, फक्त ऐकणं आणि वाचणं असतं, एकूण २०० मार्क, ८० ला पहिली लेव्हल आणि १४० ला दुसरी, त्यामुळे आपण कुठे आहोत ते घरबसल्या कळतं. फी भरून परीक्षा तेव्हाच द्या जेव्हा अ‍ॅडमिशन किंवा नोकरीसाठी सर्टिफिकेट खरंच लागणार असेल.

फुकटात न मिळणारी गोष्ट एकच, तुमच्या चुका काढणारं माणूस. हॅलोटॉक, टँडम या अ‍ॅपवर भाषेच्या बदल्यात भाषा मिळते पण निम्मे लोक नुसत्या गप्पा मारायला किंवा लाइन मारायला आलेले असतात, चांगला पार्टनर मिळेपर्यंत धीर धरा. थोडे पैसे असतील तर ते इथे घाला, आयटॉकी या ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर प्रोफेशनल टीचरपेक्षा कम्युनिटी ट्यूटर सहसा स्वस्त पडतात. महिन्यातून एकदा अर्धा तास घ्या, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका, आधी पाच-सहा वाक्यं लिहून, एक उतारा वाचायचा सराव करून जा आणि पहिल्याच मिनिटाला सांगा की मला मध्येच थांबवून चुका सांगा, नाहीतर बरेच ट्यूटर भिडेपोटी छान छान म्हणत वेळ संपवतात.