कोडी सुटतात, डावात मात्र गडबड: या चुका टाळा

मोबाइलवर बुद्धिबळाच्या कोड्यांचं रेटिंग दोन हजारांच्या पुढे, आणि रविवारच्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत घोडा फुकट. ही तक्रार आमच्याकडे दर आठवड्याला कोणीतरी करतंच. कोडी वाईट नसतात, ती सोडवायची सवय बिघडलेली असते.

सगळ्यात महागात पडते ती घाई: बोट आधी, डोकं मागून. शह दिसला की देऊन टाकायचा, ॲप उत्तराची चाल खेळतं, मग पुढचं बघू. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चाली तुम्ही शोधतच नाही, त्या आयत्या मिळतात. डावात त्या कोण देणार? उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. समोरच्याच्या उत्तरांसह चालींची सगळी ओळ कागदावर लिहा, मगच पटाला हात लावा. पहिली चाल बरोबर आली पण तिसरी दिसलीच नव्हती, तर ते कोडं चुकलं असंच धरा.

दुसरी चूक म्हणजे आपल्याला हवं ते दिसलं की हिशेब थांबवणं. यासाठी १८९५ सालची ग्लासगोमधली एक गोष्ट सांगतो. पट मांडूनच वाचा: उभ्या रांगा पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या त्याच्या बाजूने १ ते ८. पांढरा राजा बी६, प्यादं सी६, काळा राजा ए१, हत्ती डी५, चाल पांढऱ्याची. प्यादं सी७ वर जातं, हत्ती डी६ वरून शह देतो. इथे राजा सी५ वर नेलात तर हत्ती डी१ वर जातो, आणि प्यादं शेवटच्या रांगेत पोचून नवा वजीर होताच सी१ वरच्या शहात तो हातचा जातो. म्हणून राजा बी५, बी४, बी३ असा उतरतो, हत्ती दर वेळी शह देत मागे लागतो, आणि शेवटी राजा सी२ वर येतो. आता काळा हत्ती डी४ वर! प्यादं सी८ वर नेऊन वजीर केला की हत्ती सी४ वर शह देतो. वजिराने तो मारला की काळ्याला शह नसतो पण एकही चाल उरत नाही, म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत. जॉर्ज बार्बिए यांनी वर्तमानपत्रातल्या आपल्या सदरात हे बरोबरीचं कोडं म्हणूनच छापलं होतं. फर्नांडो सावेद्रा नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूंनी दाखवून दिलं, की वजीर नको, हत्ती करा! मग ए८ वर मात होण्याची धमकी येते. काळ्याला हत्ती ए४ वर आणावाच लागतो, आणि पांढरा राजा बी३ वर आला की हत्ती वाचवायचा की सी१ वरची मात, दोन्ही जमत नाही.

गंमत बघा, ‘बरोबरी’ म्हणणारा एकच चाल आधी थांबला होता. ‘झालं’ वाटलं की तिथेच आणखी एकदा विचारा: आता समोरच्याकडे कोणते शह, कोणती मारामारी? आणि माझ्याकडे वजिराशिवाय दुसरं काही?

तिसरी चूक डोळ्यांची. मनात उंट हलवला, तरी चार चालींनंतर तो जुन्याच घरात उभा दिसतो आणि तिथून राखणही करतो! सोव्हिएत ग्रँडमास्टर आणि मानसशास्त्रज्ञ निकोलाय क्रोगियस यांनी अशा उरलेल्या प्रतिमेवर लिहिलं आहे. लांब ओळ मोजताना दोन-तीन चालींनी थांबून, कोणती घरं रिकामी झाली ते स्वतःशी पुटपुटा. शेजारचे हसतील, हसू दे.

एकाच ओळीत पाच मिनिटं घुसमटणं हीही नेहमीचीच खोड. आधी दोन-तीन पर्याय नक्की करा, मग एकेक तपासा.

राहिली शेवटची अडचण. कोडं समोर आलं म्हणजे त्यात काहीतरी आहे हे आधीच कळलेलं असतं. डावात कोणी घंटी वाजवत नाही. म्हणून ‘दोन चालींत मात’सारखे विषयवार संच थोडे बाजूला ठेवा आणि मिश्र कोडी घ्या. मी तर स्वतःच्या हरलेल्या डावांतल्या जागा वहीत उतरवून महिन्याने पुन्हा सोडवतो. त्यातल्या निम्म्या जागांवर काहीच डावपेच नसतो, साधी चाल खेळायची असते, आणि नेमकी तिथेच मी वजीर बळी द्यायला धावलेलो असतो.