टिपचा हिशेब हातातून निसटतो तो इथे: या चुका टाळा

जुलै संपला तसा ॲपवरच्या जेवणाच्या ऑर्डरी चाळत बसलो. सत्तावीस बिलं आणि प्रत्येकाच्या तळाशी ‘टिप २० रुपये’. म्हणजे ५४० रुपये. त्यातली मी स्वतः दाबलेली टिप एकच, भर पावसात पार्सल आलं त्या रात्रीची. तेव्हा रकमेखाली ‘पुढच्या ऑर्डरींनाही हीच टिप’ अशी बारीक चौकट होती आणि तिच्यात खूण आधीच केलेली होती. मला दिसलीच नाही.

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण वीस रुपये खटकतच नाहीत. पैसे भरण्याआधी बिलाचा तपशील पूर्ण उघडा. टिपच्या ओळीत रक्कम दिसली तर ती काढा, चौकटीतली खूणही काढा. पुढच्या ऑर्डरीला तिथे पुन्हा एकदा नजर टाका.

‘एवढी प्लॅटफॉर्म फी भरली, आता टिप कशाला?’ हेही गणित चुकीचं. ती फी कंपनीची. जिने चढून आलेल्या मुलाच्या खिशात ती जात नाही. राग कंपनीवर असेल तर तो त्याच्यावर काढू नका.

हॉटेलात घोळ वेगळा. बाराशेच्या बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज १२० रुपये, त्या १,३२० वर ५ टक्के जीएसटी, एकूण १,३८६. चार्ज काढला तर १,२६०. लोक चार्जही भरतात आणि वर क्यूआर कोडवर टिपही देतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा चार्ज आपोआप लावता येत नाही. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या सूचना उचलून धरल्या. पैसे देण्याआधीच ‘दादा, सर्व्हिस चार्ज काढून बिल द्या’ म्हणा. पैसे दिल्यावर वाद घालण्यात रात्र जाते. ऐकलंच नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

कॅबची ॲप्स गाडी मिळण्याआधीच टिप मागतात, तिला मी तरी टिप म्हणत नाही. ते वाढीव भाडं. मे २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने आगाऊ टिपवरून उबरला नोटीस काढली होती. घाईत टिप वाढवणारं प्लस दाबत सुटण्याआधी दुसऱ्या ॲपवर भाडं बघा.

आता बजेट. टक्क्यांत टिप देऊ नका. अडीचशेची बिर्याणी काय नि नऊशेची काय, जिने तेवढेच. महिन्याची रक्कम आधी ठरवा. यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे यूपीआय ॲपमधल्या छोट्या पाकिटात, तेवढीच भरून समोरच्याचा क्यूआर स्कॅन करता येतो, पण ऑटो टॉप-अप (पैसे संपत आले की आपोआप भरणं) बंद ठेवा, नाहीतर पाकीट रिकामं होतच नाही आणि पिनही विचारला जात नाही.

माझ्याकडे याहून गावठी सोय आहे. दारामागे श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात एक तारखेला दहाच्या चाळीस नोटा. पावसाला दोन, लिफ्ट बंद असेल तर तीन. ॲपमधली टिप कायम शून्य. बावीस-तेवीस तारखेला डबा संपतो. मग पार्सल आलं की ‘वर येऊ नका’ सांगतो आणि चार मजले उतरून फाटकापर्यंत जातो.