रत्नागिरी ते भामरागड : येळवस धरून आखायचा गाडीप्रवास

लांबच्या प्रवासाचा बेत लोक किलोमीटरपासून सुरू करतात, मी तिथीपासून करते. रत्नागिरीहून निघून गडचिरोलीतलं भामरागड गाठायचं म्हणजे महाराष्ट्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडायचा. फाटे धरून अकराशे-बाराशे किलोमीटर होतात. मे महिन्यात निघालात तर घाटावर चढल्यापासून नुसती नांगरट आणि ऊन. पावसाळ्यात तिथल्या पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. तेव्हा थंडीच बरी, आणि थंडीतही एक ठरावीक आठवडा.

भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये मार्गशीर्ष अमावस्या शोधा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येते. लातूर-धाराशिवकडे ती वेळ अमावस्या, बोलताना येळवस, म्हणजे रानात जाऊन पूजा करायचा आणि तिथेच जेवायचा सण. त्या दुपारी तुम्ही लातूरच्या आसपास असलंच पाहिजे. बाकीचे मुक्काम या एका दिवसाच्या मागेपुढे बसवायचे, म्हणजे रत्नागिरी दोन दिवस आधी सोडायची.

पहिला दिवस मुद्दाम लहान ठेवा, मिरजेपर्यंत पुरे. सकाळी आंबा घाटात धुकं असतं, म्हणून मी साखरप्याला चहाला थांबते आणि वरून उतरलेल्या ट्रकवाल्यांना घाटाचं विचारते. मोबाइलपेक्षा त्यांची खबर ताजी असते. वर गेल्यावर खरी काळजी उसाची. गाळप हंगाम जोरात असतो; एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही आणि पुढे मोठ्याने गाणी. दिवसा त्यांच्या मागे रांगत जायला हरकत नाही, पण अंधार पडला की ती ट्रॉली अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आमच्या गाडीचा नियम एकच : सूर्य मावळला की चाक थांबलं. थंडीत दिवस लहान, त्यामुळे दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या वर बेत करूच नका.

दुसऱ्या दिवशी मिरज, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर करत तुळजापूर. नवा महामार्ग सुरेख आहे, पण तो गावांना बाजूला ठेवून जातो. सांगोल्याला आणि मंगळवेढ्याला खाली उतरून जुन्या रस्त्याने गावातून जा. रविवार जुळला तर सांगोल्याचा जनावरांचा बाजार भरलेला असतो. खिलार बैलाची शिंगं जवळून बघितली नसतील तर तासभर द्या त्याला. पुढे मंगळवेढ्याची ज्वारी. या ज्वारीला जीआय मानांकन आहे. या दिवसांत कणसं हुरड्याला आलेली असतात. शेतात जाऊन खायचा असेल तर आधी फोन करून सांगून ठेवा, आयत्या वेळी कोणी आगटी पेटवत बसत नाही. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरून घ्या. पुढे गडचिरोलीपर्यंत पुरते आणि गाडीत विटत नाही. भातावर वाढलेल्या माझ्या सासूबाईसुद्धा दह्यात भिजवून आवडीने खातात. तुळजापूरला भक्तनिवासात खोली मागताना तळमजला मागा, गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर.

आता येळवस. सकाळी आठ-नऊपासून लातूर-औसा भागातल्या बाजारपेठा ओस पडतात. हॉटेलं बंद, किराणा बंद, त्यामुळे टाकी आणि पाण्याचे कॅन आदल्या संध्याकाळीच भरा. सगळी माणसं टोपल्या-डबे घेऊन ट्रॅक्टरमधून, बैलगाडीतून रानात निघालेली असतात. ओळख लागते असं नाही. रस्त्याकडेच्या शिवारात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, दिसली की गाडी पूर्ण बाजूला, बैलगाडीची वाट सोडून लावा, बांधावर चपला काढा आणि रामराम म्हणा. मला तरी अजून कोणी न जेवता सोडलेलं नाही. रिकाम्या हाताने मात्र जायचं नाही. मी रत्नागिरीहून नारळ आणि फणसपोळ्या नेते. फणसपोळी तिकडे पोरांना नवी असते, पहिल्यांदा कातडं समजून हुंगून बघतात.

कोपीत पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडलेले असतात. पूजा झाली की आंबील शेतात शिंपडतात आणि मग पंगत. हरभऱ्याचे, तुरीचे, वाटाण्याचे कोवळे दाणे, आंबट चुका आणि डाळीचं पीठ लावून शिजवलेली दाट भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील. उंडा बोटांनी फोडून भज्जीत कालवायचा. आंबील पहिला पेला आंबट लागते, दुसरा मागून घेतला जातो. मात्र नंतर लगेच स्टिअरिंगवर बसू नका, डोळे जड होतात. कोपीच्या सावलीत तासभर आडवं व्हा, तिथेही सगळे तेच करत असतात. फोटो काढायचे तर आधी विचारा, आणि पंगत बसल्यावर नको.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी लातूर-नांदेड रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा लागते, ती याच सुमारास भरते. लाल कंधारी बैल, घोडे, आणि संध्याकाळी लावणीचे फड. गाडी लांब लावून चालत आत शिरा. मुक्काम नांदेडला, गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासाची चौकशी आधी करून ठेवा, आणि लंगरमध्ये जेवा.

नांदेडहून अर्धापूरच्या केळीबागा मागे पडल्या की उमरखेडच्या अलीकडे पैनगंगा येते, आणि पलीकडे विदर्भ. यवतमाळपर्यंत रस्ता चांगला आहे आणि त्यामुळेच डुलकी लागते. दर दीड तासाला उतरायचंच. कापूस जिनिंगला चाललेला असतो. भरलेल्या गाड्या घासून जातात तिथे रस्त्याकडेच्या बाभळीच्या काट्यांना कापूस अडकून राहतो, मैलभर झाडं पांढरी दिसतात. वर्ध्याला माझी बहीण असते म्हणून आम्ही दोन रात्री थांबतो. तुमची कोणी नसली तरी थांबा, कपडे धुवायला एक दिवस लागतोच. सेवाग्रामची बापूकुटी सकाळी लवकर बघा, आणि गोरसपाक, म्हणजे तिकडचं तुपातलं बिस्किट, घ्या. ताडोबा करायचं असेल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी सफारी बंद असते, आणि आरक्षण घरूनच करून निघा.

चंद्रपूरच्या पुढे नियम बदलतात. आलापल्लीला टाकी काठोकाठ भरा. नकाशा फोनवर आधी उतरवून ठेवा, कारण भामरागडच्या वाटेवर रेंज येते-जाते, आणि रेंज गेली की यूपीआयही गेलं. दहा-वीस-पन्नासच्या नोटा वेगळ्या पाकिटात असू द्या. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक असतात. धूळ उडते, ओव्हरटेकची घाई करू नका. पुढे सागाचं जंगल आणि माडिया आदिवासींच्या वस्त्या. लाकूडफाट्याची मोळी घेऊन चाललेल्या बाईच्या तोंडासमोर कॅमेरा धरणारे बघितले की मला राग येतो; तुम्ही धरू नका. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात जायचं तर आधी कळवून जा, ते आधी दवाखाना आणि शाळा आहे. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा एकत्र येतात. संगमावर चारपर्यंत पोचा, म्हणजे उजेडातच हेमलकशाला परतता येईल.

बायकांसाठी थोडं वेगळं : शौचालयाची पाटी वाचून कुठे थांबायचं ते ठरवू नका. ज्या हॉटेलात गल्ल्यावर किंवा भटारखान्यात बाई दिसते तिथेच मी चहाला थांबते, तिथली सोय बहुधा धड असते. टॉर्च, साबण आणि पाण्याची बाटली सीटखाली, डिकीत नाही.

गाडीचं म्हणाल तर निघण्याआधी स्टेपनीची हवा बघा. चार चाकांची सगळेच बघतात. परतताना वर्ध्याहून समृद्धी महामार्ग धरला तर ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत सलग येता येतं. पण तो सरळसोट काँक्रीटचा आहे, टायर तापतात. टायर जुने असतील तर आला त्याच वाटेने परत या, आणि नवे असले तरी शिर्डीला रात्र काढा.