मोनो, पॉली की टॉपकॉन? सोलर पॅनल घेताना आधी मागचं लेबल वाचा

पॅनल बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेलाच, मोनो की पॉली. ओळखायला सोपं आहे. निळसर रंग आणि आत फुटलेल्या काचेसारखे तुकडे चमकताना दिसले की पॉली, सगळीकडे एकसारखा काळा असेल तर मोनो. पॉलीचं सिलिकॉन वितळवून साच्यात ओततात म्हणून त्यात बरेच स्फटिक होतात, मोनोमध्ये एकच मोठा गोल दांडा ओढून काढतात आणि त्याच्या चकत्या कापतात, म्हणून तर मोनोच्या सेलचे, म्हणजे पॅनलमधल्या छोट्या चौकोनांचे, कोपरे बऱ्याचदा तिरके कापलेले दिसतात.

एफिशियन्सी, म्हणजे पडलेल्या उन्हातला किती भाग वीज होतो ते प्रमाण, पॉलीची साधारण १५ ते १७ टक्के, मोनोची २० ते २२. पण इथेच लोक फसतात. ४०० वॉटचं पॉली आणि ४०० वॉटचं मोनो, दोन्ही ४०० वॉटचीच, फरक फक्त जागेचा, पॉलीला जास्त लागते. त्यामुळे जागा भरपूर असेल तर एका टक्क्यासाठी जीव काढू नका. तसंही नवीन पॉली आता फारसं मिळत नाही, खरी तुलना मोनोतल्या मोनोतच आहे, म्हणजे पर्क, टॉपकॉन आणि एचजेटी या सेल बनवायच्या तीन पद्धतींमध्ये.

आता पॅनल उलटं करून मागचं लेबल किंवा सरळ डेटाशीट बघा. वॉटचा आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा असतो, आणि कडक उन्हात सेल ६५ पर्यंत सहज तापतो! म्हणून टेम्परेचर कोइफिशंट शोधा, म्हणजे सेल एक अंश तापला की किती टक्के वॉट कमी होतात तो आकडा. पर्कचा साधारण उणे ०.३५ टक्के असतो, म्हणजे वरच्या ४० अंशांत १४ टक्के गेले, ४०० चे राहिले ३४४. टॉपकॉनला ०.३० धरा, ३५२ मिळतात. एचजेटीला ०.२५ धरला तर ३६०, पण ते महाग पडतं. मला विचाराल तर बहुतेकांना टॉपकॉन पुरे.

थिन फिल्म, म्हणजे काचेवर पातळ थर दिलेलं पॅनल, उष्णतेत चांगलं टिकतं पण जागा खातं, घरासाठी मी तरी नाही घेणार.

सावली पडत असेल तर हाफ-कट, म्हणजे अर्धे कापलेल्या सेलवालंच घ्या, पॅनल उभं लावलं आणि खालच्या अर्ध्यावर सावली आली तरी वरचा अर्धा काम करत राहतो. बायफेशियल मागूनही उजेड घेतं हे खरं, पण खाली मोकळी जागा आणि फिकट रंगाची जमीन पाहिजे, पत्र्याला चिकटवून लावणार असाल तर जादा पैसे कशाला.

वॉरंटी दोन असतात. मोठ्या अक्षरातली २५ वर्षं बहुधा परफॉर्मन्सची (किती वीज देईल याची), प्रॉडक्टची (पॅनलमधल्या बिघाडाची) वेगळी विचारा, ती कमी असू शकते. आणि जुन्या पॅनलांच्या सिरीजमध्ये (एकापुढे एक जोडलेल्या लाइनमध्ये) नवीन जोडणार असाल तर वॉट नाही, अँपिअर (करंट) जुळवा, नाहीतर सगळी लाइन सगळ्यात कमी करंटवाल्या पॅनलच्या चालीने चालते.