हाडांच्या घनतेची तपासणी कधी करावी आणि अहवाल कसा वाचावा
हाडे ठिसूळ होत असताना दुखत नाहीत, त्यामुळे किरकोळ पडण्याने मनगट किंवा खुबा मोडेपर्यंत बहुतेकांना त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून वयाची 65 वर्षे ओलांडलेल्या स्त्रियांनी काही त्रास नसला तरी डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्यावी. पाळी 45 वर्षांच्या आत थांबली असेल, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला असेल, वजन फारच कमी असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या असतील, तर डॉक्टरांकडे हा विषय त्याआधीच काढावा. यातली बरीच कारणे पुरुषांनाही लागू पडतात, हे सहसा विसरले जाते.

तपासणीला उपाशीपोटी जावे लागत नाही. मात्र कॅल्शियमच्या गोळ्या 24 तास आधी बंद ठेवाव्यात, आणि नुकतीच बेरियम किंवा कॉन्ट्रास्ट (आतले अवयव चित्रात ठळक दिसावेत म्हणून दिलेले द्रव्य) देऊन कुठली तपासणी झाली असल्यास, तसेच गर्भधारणेची शक्यता असल्यास, ते आधीच सांगावे. किरणोत्सर्ग अगदी अल्प असतो.

अहवालात कंबरेचे मणके आणि खुबा यांचे टी-स्कोअर वेगवेगळे दिलेले असतात. हा आकडा निरोगी तरुण वयातील सरासरीशी केलेली तुलना दाखवतो: उणे 1 किंवा त्याहून वर असल्यास घनता सामान्य, उणे 1 ते उणे 2.5 यांच्या दरम्यान असल्यास कमी, आणि उणे 2.5 किंवा त्याखाली असल्यास ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार. समजा, मणक्यांचा आकडा उणे 0.8 आणि खुब्याचा उणे 2.7 आला, तर निदान खुब्यावरून होते. उतारवयात झिजेमुळे मणक्यांवर वाढलेले हाड यंत्राला घनतेसारखेच दिसते, त्यामुळे मणक्यांच्या चांगल्या आकड्यावर विसंबून निश्चिंत होऊ नये. पाळी चालू असलेल्या स्त्रिया आणि पन्नाशीच्या आतील पुरुष यांच्यासाठी मात्र झेड-स्कोअर, म्हणजे त्याच वयाच्या व लिंगाच्या लोकांच्या सरासरीशी केलेली तुलना, पाहतात.

केवळ टाचेवर केलेल्या अल्ट्रासाऊंड तपासणीवरून निदान पक्के करता येत नाही. तसेच आकडा उणे 2.5 च्या वर असला, तरी किरकोळ पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल, तर उपचारांची गरज असतेच. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर किंवा अधिक घट झाली असल्यास मणक्यांचा एक्स-रेही काढण्याविषयी विचारावे, कारण दबून मोडलेला मणका अनेकदा दुखतही नाही.

पुढची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा, शक्यतो त्याच केंद्रात आणि त्याच यंत्रावर करावी, आणि जुना अहवाल सोबत न्यावा. दोन यंत्रांच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.