कॅम्पर व्हॅन दिवेलागणीच्या आत मुक्कामाला लावा

सिडनी ते केर्न्स हा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याचा रस्ता साधारण 2,600 किलोमीटरचा. मित्रमंडळी मिळून कॅम्पर व्हॅनने, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, निघणार असाल तर एक नियम घरूनच ठरवून निघा: सूर्य मावळायच्या आत गाडी मुक्कामाला लागलीच पाहिजे.

कारण कांगारू. ते नेमके तिन्हीसांजेला आणि पहाटे रस्त्याकडेच्या गवतात चरायला येतात आणि दिव्यांच्या झोताने बिचकून थेट गाडीसमोर उडी घेतात. समोर आलाच तर सरळ रेषेत ब्रेक दाबा, स्टिअरिंग झटक्यात वळवू नका. व्हॅन उंच असते, त्यात पाण्याची टाकी आणि चौघांच्या सॅक. कलंडायला वेळ लागत नाही. आम्ही एकदा असाच करकचून ब्रेक मारला, तर ओट्याखालचा खण धाडकन उघडून सगळी ताटं खाली. तेव्हापासून निघण्याआधी प्रत्येक खणाची खिट्टी हाताने ओढून बघतो.

शहराबाहेर रात्री गाडी चालवली तर विमा लागू नाही, असं कलम काही भाडेकरारांत असतं. तेवढं नक्की वाचा.

जूनमध्ये ब्रिस्बेनला पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणजे तीनला मुक्कामाकडे वळायलाच हवं. आणि जागा आधीच बुक करा. बायरन बे भागात रस्त्याकडेला गाडीत झोपल्यास दंड होतो, तोही चांगलाच घसघशीत.